झेंड्याखालची रांग

३ नोव्हेंबर

काम घेतलं. नको नको म्हणत शेवटी घेतलं!

दादा गेल्यापासून ब्रश हातात धरला नव्हता. आज डबे उघडून पाहिले तर निम्म्यांवर साय धरलेली. ब्रश लाकडासारखे कडक झालेत. तो असता तर ब्रशांची ही दशा बघून दिवसभर माझ्याशी बोलला नसता.

जुन्या टपाल कचेरीच्या इमारतीत चहाघर निघतंय. मालक साठीचे, अदबशीर, हळू बोलणारे. त्यांनी खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. पत्त्यातल्या पानाएवढं. पूर्वी म्हणे चहाच्या पुड्यात असं एकेक कार्ड निघायचं. मुलं जमवायची, एकमेकांत अदलाबदल करायची. ‘झेंडे आणि मुलूख’ अशी मालिका होती, कंपनीने काढलेली. मालकांच्या आजोबांनी सगळा संच जमवला होता. त्यातलं हे सगळ्यांत आवडतं. ते त्यांना मोठ्या भिंतीवर हवंय — खालपासून छतापर्यंत.

“जसंच्या तसं हवं,” म्हणाले. “लोकांना जुन्या काळाची ऊब मिळाली पाहिजे.”

ऊब! मला गेल्या उन्हाळ्यापासून ती कुठे मिळाली नाहीये. पण घरी बसून भिंती बघण्यापेक्षा कामाची भिंत बरी.

वर जाऊन वहिनीला सांगितलं. ती शिवणाच्या मशीनवर होती. मान वर न करता म्हणाली, “बरं.” आमच्यात भांडण नाही. पण बोलायला लागलं की दोन वाक्यांत त्याच्यावर येतं, आणि मग दोघींनाही पुढे जाता येत नाही. म्हणून ती वर, मी खाली. मधे जिना.

५ नोव्हेंबर

भिंग घेऊन सकाळभर कार्ड बघितलं.

एक टेकडी. टेकडीवर काठी, काठीवर झेंडा — राज्य करणाऱ्यांचा. लाल, मधे रुंद पांढरा पट्टा, वर कोपऱ्यात निळं. केवढा म्हणजे केवढा! एक तृतीयांश आभाळ त्यानेच खाल्लंय. काठीच्या बुडाशी छत्री, छत्रीखाली खुर्ची, खुर्चीत साहेब. टेकडीवरून खाली उतरणारी माणसांची रांग, प्रत्येकाच्या पाठीवर टोपली. खाली समुद्र, धुराचं जहाज. आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात आणखी एक छोटा झेंडा छापलाय — हा म्हणे त्या मुलखाचा स्वतःचा. स्वतःचा कसला? त्याच्याही कोपऱ्यात साहेबाचाच झेंडा बसवलेला, आणि उरलेल्या जागेत एक झाड. ते झाडसुद्धा कुणीतरी कचेरीत बसून ठरवलं असणार. त्या मुलखात कुणाला विचारलं असेल का, की बाबांनो, तुमची खूण काय लावू?

मागे बारीक अक्षरात लिहिलंय — ‘येथील रहिवासी शांत, कष्टाळू व आनंदी आहेत. मुख्य पीक चहा.’

भिंगाखाली साहेबाच्या कोटाची बटणं मोजता येतात. झेंड्याला शिवण दाखवलीय. आणि रांगेतल्या माणसांच्या तोंडाच्या जागी तीन ठिपके. दोन डोळे, एक तोंड. संपलं.

आनंदी आहेत हे तीन ठिपक्यांवरून कसं कळलं, देव जाणे!

७ नोव्हेंबर

चौकटी आखून झाल्या. दोरीला निळी पूड लावून भिंतीवर रेघा मारायच्या — एरवी दोरीचं दुसरं टोक दादाकडे असायचं. आज दुसऱ्या टोकाला खिळा ठोकला.

खिळा बोलत नाही. खिळा मधेच दोरी सोडून “ठमे, चहा!” म्हणत नाही.

आमची वाटणी ठरलेली होती. चित्रं माझी, अक्षरं त्याची. लोकांना सांगायचा, “ही चित्रं काढते आणि मी नावं ठेवतो.” प्रत्येक गिऱ्हाइकाला तोच विनोद. आणि प्रत्येक वेळी आधी स्वतःच हसायचा.

परांचीवर बसून रडले थोडी. खाली फरशी पुसणाऱ्या मावशी होत्या. त्यांनी वर बघितलं नाही, पण पुसता पुसता बादली जरा जोरात आपटली — म्हणजे माझा आवाज कुणाला जाऊ नये. शहाण्या आहेत.

१० नोव्हेंबर

झेंडा झाला. झेंडा काढायला डोकं लागत नाही. सरळ रेघा, सपाट रंग, कडेला सावली. दोन दिवसांत भिंतीवर असा फडफडायला लागला की दारातून येणारा प्रत्येक जण आधी मान वर करून त्यालाच बघतो. त्याची युक्ती आहे ती. खालची माणसं त्यामुळे आपोआप बारीक होतात.

जहाज रंगवताना एक गंमत दिसली. झेंडा उजवीकडे फडकतोय. जहाजाचा धूर डावीकडे चाललाय. झाडंही डावीकडे झुकलीत. एकाच चित्रात दोन वारे! मालकांना दाखवलं. ते हसले.

“झेंडा मुलखाच्या आतल्या बाजूला फडकला पाहिजे ना. नाहीतर तो निघून चाललाय असं वाटेल.”

“मग वारा कुणाचा खरा?”

“अहो, जाहिरात आहे ती,” म्हणाले. “वारासुद्धा कंपनीचाच.”

माणूस वाईट नाही. हसतो बरा.

११ नोव्हेंबर

नखांत लाल. वहिनीने जिन्यात बघितलं. रॉकेलचा बोळा आणून कठड्यावर ठेवला आणि वर गेली.

१३ नोव्हेंबर

माणसांपाशी अडकले.

कार्डावर ती नखाएवढी आहेत. भिंतीवर माझ्या कमरेएवढी होतात. कमरेएवढ्या माणसाला तीन ठिपके देऊन चालत नाही, बुजगावणं दिसतं. मालकांना विचारलं, चेहऱ्यांचं काय करू? म्हणाले, “सावलीत ठेवा. इतक्या जवळून कोण बघतंय? लोक चहा प्यायला येणार.”

मी बघतेय ना जवळून! दिवसभर माझं नाक त्यांच्या नाकाला लागलेलं असतं.

सावली टाकून पाहिली. पाठीवर टोपली, वर चेहरा नाही. रांगेने चालणाऱ्या टोपल्या. पुसून टाकलं. मग जो समोर दिसेल त्याचा चेहरा द्यायचा ठरवलं. पुट्टी लावणारा गवंडी खूश झाला, लगेच केस ओले करून भांग पाडून आला. मावशींना विचारलं.

“काढ की. पण मला ओझं नको देऊस गं, पाठ आधीच गेलीये माझी.”

“मावशी, ओझं सगळ्यांनाच आहे त्यात.”

“मग त्या खुर्चीतल्याला का नाही?”

मी म्हटलं, तो साहेब आहे. मावशी म्हणाल्या, “दिसतंच आहे ते. पाय कसे ताणून बसलाय मेला!”

हसले. किती दिवसांनी हसले. आणि हसल्याबरोबर इकडेतिकडे बघितलं — कुणाला सांगू हे? सांगायचा माणूस नाही.

१५ नोव्हेंबर

आज दादा आला.

मी आणायला गेले नव्हते. रांगेतला वरून तिसरा माणूस रंगवत होते. कपाळ काढलं, ते रुंद आलं. डाव्या भुवईत जरा खंड पडला. लहानपणी शिडीवरून पडला होता, तिथे केस उगवायचे नाहीत. माझा हात थांबला. मग मीच म्हटलं, ये. नाक, ओठ, ब्रश धरून धरून दातांत पडलेली ती फट. कान तर फोटो न बघता काढले. घरी त्याचे फोटो वहिनीने कपाटात घालून ठेवलेत. मला मागायची हिंमत होत नाही. पण हाताला पाठ आहे तो. सबंध दुपार मी त्याच्यासमोर बसून होते, आणि तो समोर होता!

त्याच्या पाठीवर टोपली आहे. कार्डात आहे, म्हणून आहे. ते डोक्यात आलं नाही असं नाही, पण तोंड दिसत होतं ना. तेवढ्यावर भागलं माझं.

१६ नोव्हेंबर

सुट्टी. तरी गेले. उगाच. त्याला आमच्या दुकानातल्या चार गोष्टी सांगून आले.

१८ नोव्हेंबर

मावशींनी स्वतःला बघितलं. पदर कमरेला खोचून, बादली बाजूला ठेवून, बराच वेळ.

“मीच आहे,” म्हणाल्या. “नाक जरा बरं काढलंयस. पण मी खाली का बघतेय? काय पडलंय तिथं?”

“मूळ चित्रात सगळे खालीच बघतात, मावशी.”

“सगळेच?” त्यांनी रांगेवरून नजर फिरवली. “हो गं. आणि तो खुर्चीतला एकटा वर बघतोय, फडक्याकडे.”

फडकं! मालक ऐकत असते तर!

संध्याकाळी खालची ओळ लिहायला घेतली. कार्डावर साहेबाच्या भाषेत आहे, मालकांना आपल्या भाषेत हवी — ‘आमच्या मळ्यातून तुमच्या कपात’. अक्षरं पहिल्यांदाच एकटीने लिहिली. ‘म’ फुगला, ‘ळ’ पडला. तीनदा पुसून चौथ्यांदा जमलं तसं ठेवलं. ‘आमच्या’ म्हणजे कुणाच्या, हे लिहिताना कळेना. रांगेतल्यांच्या? की खुर्चीतल्याच्या? दादाने विचारलंच असतं. कुठल्याही पाटीवरचं वाक्य तो आधी मोठ्याने वाचायचा आणि म्हणायचा, “हे कोण बोलतंय ते सांगा, मग लिहितो.”

२० नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहू की नको.

चष्मा घरी विसरले होते. दुपारी परांचीवर होते आणि खालून आवाज आला — “चष्मा.” वहिनी! बाजारात जाताना आणून दिला होता. घराबाहेर तिचा आवाज ऐकून दचकलेच. आधी तिने झेंडा बघितला, सगळे बघतात तसा. मग नजर खाली आली. मला वाटलं, आता ओळखेल. आणि खरं सांगते, मला आनंद झाला. वाटलं, मी एकटीच भेटत होते, आता तीही भेटेल.

तिने ओळखलं. पिशवी हातातून सुटली.

“हा कोण?”

मी परांचीवरून उतरले. “वहिनी, चेहरा कसा आपोआप—”

“त्याला हमाल केलास?”

“अगं, हमाल काय, सगळ्यांनाच चेहरे द्यायचे होते, तर—”

“मग त्या खुर्चीतल्याला का नाही दिलास हा चेहरा?” मावशींनी हसत विचारलेलंच तिने विचारलं, पण कसं! “वाकवलंस त्याला? ह्या असल्या झेंड्याखाली, पाठीवर ओझं देऊन, मान खाली घालून? दाराची चौकट सोडली तर उभ्या जन्मात तो कुठे वाकला नव्हता! आता इथे लोक येणार. बिस्किटं खात बसणार. आणि तो त्यांच्यासमोर जन्मभर असा वाकून उभा राहणार?”

मी म्हटलं, “मला तो दिसत होता गं. तेवढंच.”

“तुला दिसत होता,” ती म्हणाली. “आणि तू त्याला काय दिलंस?”

पिशवी न उचलताच गेली. मावशींनी गडगडलेले बटाटे गोळा करून पिशवी माझ्याकडे दिली. घरी येऊन ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवली. संध्याकाळी बघितलं तर उचललेली होती.

२१ नोव्हेंबर

तिचं खरं आहे. कालपासून तेच डोक्यात घोळतंय. मी कार्डाला नावं ठेवत होते, फडकं म्हणून हसत होते. आणि सख्ख्या भावाला नेऊन त्याच फडक्याखाली उभा केला. उभा कुठे? वाकवला.

सकाळी लवकर गेले. मालक गावाला गेलेत, सोमवारी येतील. टोपली पाठीवरून काढली आणि त्याच्या पायाशी ठेवली. मग त्याला सरळ केलं. एकेक मणका नीट बसवल्यासारखं वाटत होतं. तो मुळात उंच, आणि रांगेत वरून तिसरा. सरळ झाल्यावर डोकं आणि खांदे थेट झेंड्यात गेले, मधल्या पांढऱ्या पट्ट्यात. पांढऱ्यावर पाण्यात कालवलेल्या रंगाची रेघ पातळ पडायला लागली, म्हणून दादाचा पाट्यांचा काळा घेतला. तेलात डांबर घालून तो स्वतः घोटायचा, कुणाला प्रमाण सांगायचा नाही. झाकण काढल्याबरोबर तो वास! दादाच्या शर्टाला यायचा तो.

नजर समोर ठेवली. खाली नाही, झेंड्याकडेही नाही. दारातून जो येईल त्याच्याकडे.

दूर जाऊन बघितलं. रांग चाललीय, आणि एका माणसाने ओझं खाली ठेवलंय. बस्स, एवढंच. पण सगळं चित्र बदललं! साहेब एकदम लहान झाला. झेंडा त्याच्या मागे टांगलेल्या चादरीसारखा दिसायला लागला.

वहिनीला रविवारी घेऊन येईन. आज नको. आधी तिचं मन जरा शांत होऊ दे.

२३ नोव्हेंबर

वहिनीच्या दारापर्यंत गेले. आतून मशीनचा आवाज येत होता. परत खाली आले. उद्या.

२४ नोव्हेंबर

मालक आले. बघितलं. खुर्ची ओढून समोर बसले.

“तुम्ही झेंड्यावर माणूस काढलात,” म्हणाले.

“झेंड्यावर नाही. झेंड्यापुढे.”

“कोण आहे?”

“माझा भाऊ.”

त्यांनी डोळे मिटले. मग हळूच म्हणाले की तुमचं दुःख मला कळतं, माझी पत्नीही अशीच गेली. खोटं बोलत नव्हते. पण हे माझ्या आजोबांचं कार्ड आहे, म्हणाले. आजोबा ह्याच चहाच्या कंपनीत होते, त्यांनी ही कार्डं जिवापाड जपली, त्यांच्यासाठी हा झेंडा म्हणजे त्यांचं तरुणपण होतं. “ते शेवटपर्यंत ह्या कार्डाकडे बघून हसायचे. मी त्यांचं हसू लोकांना दाखवायला निघालोय. तुम्ही त्यात भांडण घातलंत.”

मी म्हटलं, “कंपनीत होते, म्हणजे ह्याच रांगेत कुठेतरी असतील तेही.”

चटका बसल्यासारखे उठले. “ते कचेरीत होते. रांगेत नव्हते.”

मग कार्ड उलटंसुलटं करत राहिले. मला वाटतं, त्यांनी आजवर त्यात आजोबांना शोधलंच नव्हतं. साहेबाच्या बाजूला छत्री धरलेला एक माणूस आहे — त्यालाही तीन ठिपकेच. त्यांचा अंगठा त्याच्यावर थांबला. थांबला, आणि पुढे गेला.

“शनिवारपर्यंत जसंच्या तसं करून द्या,” म्हणाले. “नाही जमलं तर सांगा. दुसऱ्या कुणाला बोलावतो.”

२५ नोव्हेंबर

दुसरा कुणीतरी येणार. रोलर फिरवणार. दादाच्या तोंडावरून.

नाही. ते मी करीन.

आणि वहिनीला तरी तो तिथे कुठे हवा होता? चहाघरातच नको आहे तिला तो. निदान तिच्या मनासारखं होईल.

२६ नोव्हेंबर

केलं.

आधी पाय, मग टोपली. तिथे टेकडीचा हिरवा. मग हात. छाती. पांढरा कालवताना घट्ट कालवला, एकाच हातात झाकून व्हावं म्हणून. चेहऱ्याशी आले आणि ब्रश बदलला. रुंद ब्रश लावता येईना. बारीक ब्रशाने, कडेकडेने, तोंड पुसतात तसं. भुवईतला खंड सगळ्यात शेवटी.

मावशी शिडी धरून उभ्या होत्या. शिडी हलत नव्हती. तरी धरून उभ्या होत्या.

मालकांना तो परत वाकलेला हवा होता. ते मी केलं नाही. रांगेत एक जागा रिकामीच ठेवली. त्यांच्या लक्षात आलं. चालवून घेतलं.

गेल्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे बघू शकले नव्हते, सगळे शेवटचं बघत होते तेव्हा. आज बघत बघत नाहीसा केला.

२७ नोव्हेंबर

वर गेले. दार लोटलेलंच होतं. म्हटलं, वहिनी, काळजी करू नकोस, पुसला मी त्याला. वाकलेला बघून तुला त्रास झाला ना, म्हणून आधी त्याला सरळ केला होता, ओझंही उतरवलं होतं, पण मालकांना चालेना. मग पुसला.

मशीन थांबलं.

“सरळ केला होतास?”

“हो.”

“उभा?”

“उभा. ताठ. समोर बघणारा.”

“आणि मला दाखवला नाहीस?”

मी म्हटलं, रविवारी आणणार होते, दारापर्यंत आले होते, पण तुझं मशीन चालू होतं. ती ऐकतच नव्हती.

“पुस म्हटलं होतं का मी? माझ्या तोंडून शब्द तरी गेला होता पुस म्हणून?” आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं झालं असतं. “त्या सकाळी मी त्याला हलवून हलवून उठवत होते. चहा निवला म्हणून ओरडत होते त्याच्यावर. नाही उठला. तू उठवलास त्याला. तुला जमलं ते! आणि मला न दाखवता परत झोपवलास.”

मी तिच्या पायाशी बसले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. लोटलाही नाही. तशीच बसून राहिली, पायाखाली मशीनची पट्टी, पाय मात्र हलत नव्हते. केव्हा तरी मी उठून खाली आले.

३० नोव्हेंबर

वर मशीनचा आवाज नाही. कालही नव्हता.

४ डिसेंबर

चहाघर सुरू झालं. बोलावणं आलं होतं, सोनेरी कडेचं. गेले नाही. मावशी घरी येऊन सांगून गेल्या — गर्दी खूप, कप नाजूक, आणि लोक झेंड्यासमोर उभं राहून फोटो काढतात. “माझ्याकडे पाठ करून,” म्हणाल्या. मग माझ्या हाताला हात लावून म्हणाल्या, “ती रिकामी जागा मी रोज पुसते गं. भिंत पुसायची नसते, तरी पुसते.”

त्यांच्यासाठी चहा टाकला. माझा कप तसाच निवला.

वर वहिनीने आज कपाट उघडलं, आवाज आला. त्याचे शर्ट काढत असेल. किंवा फोटो. मी जिन्यात जाऊन उभी राहिले. पाचव्या पायरीपर्यंत गेले. तिथेच बसून राहिले, आणि मला वाटतं, दाराच्या आतल्या बाजूला तीही बसली होती.

८ डिसेंबर

दोन कामं आली होती. नाही म्हटलं. रंगांचे डबे भंगारवाल्याला देऊन टाकावेत असं मनात आहे. अक्षरं लिहिणारा नाही, आणि माझ्या चित्रांचा तर काय उजेड पडला तो दिसलाच.

११ डिसेंबर

मालकांचा फोन. आवाज ओळखू येईना. “जरा येऊन जाल का? झेंड्याच्या पांढऱ्यात माणूस दिसायला लागलाय. आधी डाग वाटला. आता खांदे दिसतात, भुवई दिसते. रंगारी बोलावून तीन हात मारले वरून, तरी येतोच आहे. गिऱ्हाइकं विचारतात, हा कोण?”

दादाचा काळा! डांबर घातलेला तो, पांढऱ्याखाली मुकाट बसणारा नव्हेच!

मला हसू आलं की रडू, ठाऊक नाही. वहिनी केव्हा जिना उतरून मागे येऊन उभी राहिली कळलंच नाही. फोन माझ्या हातातून घेतला, आणि मालकांना म्हणाली, “आम्ही दोघी निघालोय. तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही.”